‘पांढरं’ म्हणजे कोणतं?

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे आणि माझ्या तळाला तीन भोके आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी थोडी फुशारकी मारली तरी तुम्ही ती सांभाळून घ्याल.

एका अरुंद गल्लीत पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने मला घडवले. त्याने पत्रा कापला, गोल वळवला, कडा एकमेकींत अडकवून ठोकल्या, तळ बसवला आणि दोन्ही कानांत कडी अडकवली. मग मला काठोकाठ भरून कोरड्या फरशीवर ठेवले आणि खाली ओल येते का ते पाहत तो चहा प्यायला. त्याचा चहा संपला तरी ओल आली नाही. तेव्हा त्याने मला दाराबाहेर खिळ्याला टांगले.

त्याच आठवड्यात मला एका नव्या जोडप्याने घरी नेले. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे, पुढे रस्ता आणि मागे छोटी गॅलरी. ती शिवणकाम करायची आणि तो घड्याळे दुरुस्त करायचा. मी तिला बाई म्हणते आणि त्याला घड्याळजी. बाई खिडकीजवळ मशीन चालवायची आणि गळ्यात नेहमी मापाची फीत असायची. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून असे काही बारीक चाक शोधायचा की ते हरवले तर घरातल्या सगळ्यांनी जागच्या जागी उभे राहायचे.

माझी ती वर्षे सुखाची गेली. कोमट पाणी, थोडा साबणाचा चुरा, फरशी फारच मळली असेल तर मूठभर धुण्याचा सोडा, एवढेच माझ्यात पडायचे. शेजारीपाजारी बाईची फरशी पाहून तोंडभर कौतुक करायचे. त्यातले निम्मे कौतुक माझे होते, पण बादलीला कोण विचारतो?

मग मोरीतल्या फळीवर बाटल्या आल्या. एक आली, तिने दुसरीला बोलावले आणि बघता बघता फळी वाकली. पाण्याने त्यांच्या चिठ्ठ्या गळून पडल्या, तेव्हा घरात त्यांना रंगांनी हाक मारू लागले. निळं, हिरवं, गुलाबी. गुलाबीला म्हणे गुलाबाचा वास होता. गुलाबाला विचारले असते तर त्याने कानावर हात ठेवले असते.

आणि एक होते पांढरं. गोची इथेच होती, कारण पांढरं दोन होती. बाई ज्याला पांढरं म्हणायची ते होते ब्लीच, कारण ते कापडावरचे डाग घालवून त्याला पांढरे करते. घड्याळजी ज्याला पांढरं म्हणायचा ते होते नळ घासायचे ॲसिड, कारण नळावर आणि फरशीवर पाण्याचे जे पांढरे थर बसतात ते त्याने निघतात. बाई नळ घासत नसे आणि घड्याळजी कपडे धूत नसे. त्यामुळे बावीस वर्षांच्या संसारात या एका शब्दाचा अर्थ त्यांनी कधी ताडून पाहिला नव्हता.

आता या बाटल्या इतक्या वाढल्या कशाने, ते सांगते. घड्याळजीला एक थोरली बहीण आहे. आईवडील लवकर गेले, तेव्हा हिनेच त्याला वाढवले. एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात तिने तीस वर्षे चादरी धुतल्या आणि त्या पगारावर भावाला घड्याळाचे काम शिकवले. घड्याळजी तिला अक्का म्हणतो आणि बाई वन्सं म्हणते. अक्कांना दमा आहे. दमेकऱ्याला धूळ चालत नाही, एवढे बाईने कुठेतरी ऐकले होते. म्हणून अक्का राहायला येणार म्हटले की बाई दोन दिवस आधी कंबर कसायची.

नोकरी संपल्यावर पहिल्या खेपेला आल्या तेव्हा अक्का दोन दिवस राहिल्या. मग म्हणाल्या, घरी नळवाला येणार आहे. दुसऱ्या खेपेला एकच दिवस राहिल्या, पुन्हा नळवाला. तिसऱ्या खेपेला तर दुपारचे जेवण झाले आणि त्यांनी पिशवी उचलली. त्या नळवाल्याला बिचाऱ्याला दुसरी गिऱ्हाइकेच नसावीत.

घड्याळजीने ते खरे मानले. बाईने नाही मानले. तिच्या मनाने घेतले की वन्संना आपले घर घाण वाटते. तिला ते फार लागले. आणि म्हणून प्रत्येक खेपेनंतर फळीवर एक नवी बाटली यायची.

मला मात्र खरे कारण ठाऊक होते. तिसऱ्या खेपेला अक्का दुपारी हात धुवायच्या निमित्ताने मागच्या गॅलरीत आल्या आणि माझ्या शेजारी पाटावर बसल्या. घरात पांढऱ्या-निळ्या-गुलाबीचा असा काही दर्प भरला होता की माझ्या पत्र्याला कळत होता. त्यांनी तोंडावर रुमाल धरला, औषधाचा पंप दोनदा ओढला आणि खोकल्याचा आवाज आत जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला. मग तोंड धुतले, हसरा चेहरा केला आणि आत जाऊन नळवाल्याचे सांगितले. मी सगळे पाहिले. पण मला कान दोन आहेत आणि तोंड आहे ते फक्त पाणी ओतण्यापुरते.

या वर्षी घड्याळजीने फोनवर हट्टच धरला. चार दिवस राहायचे, त्याशिवाय यायचे नाही. अक्का बघू म्हणाल्या. त्याने फोन ठेवल्यावर बाईने त्याला एकच वाक्य ऐकवले, “या खेपेला त्या एका दिवसात परतल्या, तर मी पुन्हा कुणाला घरी बोलावणार नाही.” ती हे रागाने म्हणाली नव्हती, म्हणून घड्याळजीने ते मनावर घेतले.

अक्कांची बस दुपारी पोचणार होती. घड्याळजीने दुकान बंद ठेवले होते. सकाळपासून बाई गुडघ्यांवर होती. पुसून झालेल्या खोलीत रस्त्याची धूळ येऊ नये म्हणून तिने पुढच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. मोरीत मी पाण्याने अर्धी भरलेली होते आणि त्या पाण्यात तिचे पांढरं, म्हणजे ब्लीच, चांगले सढळ हाताने पडलेले होते. पलंगाखालच्या कोपऱ्यात एक काळा डाग काही केल्या हलेना. तिने तिथूनच हाक मारली, “अहो, बादलीत अजून थोडं पांढरं घाला.”

घड्याळजी आज्ञाधारक माणूस. त्याने फळीवरून त्याचे पांढरं उचलले आणि घातले.

मित्रांनो, मी बावीस वर्षे पाणी पाहिले होते, पण पाणी असे फसफसताना कधी पाहिले नव्हते. माझ्या काठावरून पिवळट हिरवी वाफ वर आली. घड्याळजीला एकदम ठसका लागला आणि तो भिंत धरत बाहेर गेला. त्याला काय झाले ते पाहायला बाई मोरीत आली, आणि तिला वाटले बादली गटारात ओतून टाकावी. ती माझी कडी धरायला वाकली. वाकली ती तशीच राहिली. तिला श्वास घेता येईना, सोडताही येईना. मी त्या क्षणी जेवढी घाबरले तेवढी कधीच घाबरले नाही, कारण जे काही होत होते ते माझ्याच पोटातून होत होते.

आणि तेव्हाच दारावरची घंटा वाजली. बस वेळेआधी पोचली होती.

घड्याळजीने खोकत दार उघडले. अक्कांनी उंबऱ्यावरच एकदा नाक वर केले. त्यांनी तीस वर्षे धुलाईघरात काढली होती, काय झाले ते त्यांना विचारावे लागले नाही. त्यांनी एक पाऊल आत टाकले, पण त्यांची छाती भरून आली आणि त्या जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. तिथूनच त्या बोलल्या. आवाज बारीक होता, पण स्वच्छ होता.

“बाळ्या, श्वास रोखून आत जा आणि तिला ओढून बाहेर आण. बादलीला हात लावू नकोस. तिच्यात काही घालू नकोस, पाणीसुद्धा नाही.”

पन्नाशीचा बाळ्या आत धावला, बायकोला काखेत धरले आणि बाहेर आणले. तिघे एकमेकांना धरून जिना उतरले. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी बाईला बसवले, छाती तपासली, डोळे धुतले आणि अग्निशमन दलाला फोन केला. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की विषारी वायू सुटतो, वेळेवर बाहेर आलात म्हणून निभावले, असे ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत कोणीही वर जायचे नाही आणि रात्री जरा जरी धाप लागली तरी परत यायचे, असेही त्यांनी बजावले.

मुखवटा घातलेला अग्निशमन दलाचा एक उंच माणूस मला हातभर लांब धरून खाली घेऊन आला. सगळ्या मजल्यांवरचे लोक कठड्याला ओणवे होऊन मला पाहत होते. माझ्या आयुष्यातली ही एकुलती एक मिरवणूक, आणि मला मान वर करायची लाज वाटत होती. त्याने मोकळ्या जागेत भरपूर पाणी सोडून मला विसळून काढले, वर जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मला अंगणातल्या बाकाशेजारी पालथे घातले.

त्याच बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. घड्याळजी दोघींसाठी पाणी आणायला गेला होता. बाईचे डोळे लाल झाले होते आणि घसा बसला होता. तिने माझ्या पालथ्या तळाकडे पाहिले. मग म्हणाली, “उद्या तुमचा नळवाला येणार असेल ना, वन्सं?”

अक्कांनी पिशवीचे बंद उगाचच सोडले आणि बांधले. “माझ्याकडे नळवाला कधी आलाच नाही गं,” त्या म्हणाल्या. “माझे नळ चांगले आहेत.”

“मग माझं घर घाण वाटलं तुम्हाला?”

“घाण? अगं, मी तुझ्या घरातून कधी पळाले नाही. त्या वासातून पळाले. धुलाईघरात मी जो वास तीस वर्षं ओढला, तोच तुझ्याकडे यायचा. माझी छाती तिथेच गेली.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“दोन दिवस गुडघ्यावर बसून माझ्यासाठी फरशी घासणाऱ्या बाईला काय सांगू? तुझं घासणं मला सोसत नाही म्हणून सांगू?”

बाई रडली. आधीच लाल झालेल्या डोळ्यांनी रडणे सोपे नसते. मग तिने नाक पुसले आणि तिला जो प्रश्न खरोखर पडला होता तो विचारला, की वास आला नाही तर घर स्वच्छ झाले हे कळायचे कसे?

“बघून,” अक्का म्हणाल्या.

घड्याळजी पाण्याचे पेले घेऊन आला, तेव्हा दोघी हसत होत्या आणि मधूनमधून खोकत होत्या. त्याने तिथेच दोन्ही पांढऱ्यांचा उलगडा करून घेतला. घड्याळातले केसाएवढे चाक ओळखणारा हा माणूस आपल्याच फळीवरच्या दोन बाटल्या ओळखू शकला नाही, हे त्याला फार लागले. दुसऱ्या दिवशी त्याने फळी उतरवून रिकामी केली. नको असलेल्या बाटल्या गटारात न ओतता, एकमेकींत न मिसळता, अशा वस्तू जमा करून घेणाऱ्या केंद्रावर नेऊन दिल्या. ज्या एक-दोन ठेवल्या त्यांच्यावर जाड अक्षरांत पूर्ण नाव लिहिले. त्या घरात आता कोणी काही रंगाने मागत नाही.

माझे म्हणाल तर त्या ॲसिडाने माझ्या तळाचे कल्हईसारखे पांघरूण खाल्ले होते. महिनाभरात गंज चढला आणि एकामागून एक तीन भोके पडली. आता पाण्याला दुसरी बादली आहे आणि माझ्यात शिवणाच्या चिंध्या राहतात. सुरुवातीला मला अपमान वाटला. आता चिंध्यांची सवय झाली आहे.

पण मला सांगायचे आहे ते त्या संध्याकाळचे. घराला दुपारभर वारा मिळाला होता. बाईने नुसत्या ओल्या फडक्याने सगळे पुसून घेतले, साध्या साबणात धुतलेली चादर पलंगावर घातली आणि मला गॅलरीत टेकवून ठेवले. तिथून आतले दिसत होते. मग तिने अक्कांचे कपडे कपाटात लावायला पिशवी उघडली.

पिशवीत कपड्यांचा एकच जोड होता. त्याखाली पंप होता, आणि एक परतीचे तिकीट होते, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसचे. अक्कांनी घरून निघतानाच ठरवले होते की आपल्याला एकापेक्षा जास्त दिवस सोसवणार नाही. तरीही त्या आल्या होत्या.

बाईने ते तिकीट कपाटाच्या फळीवर ठेवले. अक्का मान खाली घालून बसल्या होत्या. मग बाईने गळ्यातली मापाची फीत काढली आणि म्हणाली, “उभ्या राहा, वन्सं.”

“कशाला?”

“माप घ्यायचंय. एका जोडावर चार दिवस कसे काढाल?”

अक्का उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. बाईने छातीचे माप घेतले, ते दोनदा घेतले, आणि दुसऱ्या वेळी फीत थोडी सैल धरली. नव्या कापडाचा वास जावा म्हणून तिने ते आधी दोन पाण्यांतून काढले, वाळवले आणि मग सैलसर गाऊन शिवले, एक नाही, दोन. अक्का नऊ दिवस राहिल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी पाहुणे येतील. त्यांच्यासाठी खिडक्या उघडा, गाद्यांना ऊन दाखवा, साबणाच्या पाण्याने फरशी पुसा. बाटलीवरची चिठ्ठी गळाली तर त्याच दिवशी नाव लिहा, आणि एका बाटलीतले दुसरीच्या सोबतीला कधीही घालू नका. पण या सगळ्याच्या आधी पाहुण्याला फोन करून एवढे विचारा, की तुम्हाला काय सोसत नाही? आमच्या बाईने हे विचारले नाही आणि अक्कांनी सांगितले नाही, दोघींनीही एकमेकींचे मन राखायला. त्या मन राखण्यापायी त्या दिवशी आमच्या घरातला एक जीव जाता जाता राहिला.