भाग्येशची सव्वा मूठ

श्रावणातल्या रविवारी आमच्याकडे खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू आदल्या दिवशी मोजतात. भाऊबंदांत जेवढे पुरुष, तेवढ्या मुठी. एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. बाईच्या नावाची मूठ नसते. तिने दळायचं, रोट भाजायचे आणि सूप धरून बसायचं. मी दरवर्षी कुरकुरते आणि दरवर्षी सूप धरते.

यंदा सूप धरताना मी धुमसत होते. रागाने. कारण समोर हेमकांत बसला होता आणि तो आईला सांगत होता, भाग्येशची मूठ टाकू नका.

भाग्येश माझा धाकटा भाऊ, आयटीआय झालेला वेल्डर. हेमकांत आमचा चुलतभाऊ. नंदुरबारला स्टेशनजवळ त्याचं परदेशी नोकऱ्या लावून देणारं ऑफिस आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानेच भाग्येशला पाठवलं. गोदामात काम, राहणं-खाणं कंपनीचं. मी एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर लोकांच्या थापा ऐकते, म्हणून मी खोदून विचारायला लागले, तर बाबांनी मलाच गप्प केलं. त्यांचं म्हणणं, कानबाईचे रोट भाऊबंदांशिवाय कुणाला देत नाहीत, आणि जो आपल्या ताटातले रोट खातो तो आपल्याला खड्ड्यात कसा घालेल? आमच्यासारखी माणसं फसतात ती अशी.

ज्या देशात तो गेला त्याचं नाव मी घेत नाही, तोंड कडू होतं. साम्राज्यं संपली असं शाळेत शिकवलं होतं. मग जो देश शेजाऱ्याची जमीन गिळायला निघतो आणि त्यासाठी दुसऱ्यांची पोरं गोळा करतो, त्याला काय म्हणायचं?

पहिले काही महिने भाग्येशचे फोन यायचे.

"ताई, आठे बठ्ठा गाव लढाईले लागेल शे," तो सांगायचा. "बेकरीमा फौजनी बिस्किटं. शाळाना पोरं तोफा झाकाना जाळ्या इनतस. म्हाताऱ्या बाया रातपाळी करतस. चौकाचौकमा पाट्या, फौजमा या, घर भरी जाई."

त्याला गोदामात नाही, बारुदीच्या कारखान्यात घातलं होतं, पाइप जोडायला. एकदा तो फोनवर हसत होता. तसलं हसू मी त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

"ताई, आठे आपलाकडला कापूस येस. सरकीवरलं बारीक रुवं. त्यानी बारूद बनाडतस. गठ्ठावर आपला जिनिंगनं नाव शे."

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्याच जिनिंगला ते वर्षानुवर्षं कापूस घालतात. त्यांनी ताटावरून हात उचलला.

"कापूस मन्हा, पोऱ्या मन्हा," ते म्हणाले, "लढाई तेवढी मन्ही नही."

मग पुढचा फोन आला. आघाडीवर माणसं कमी पडत होती. स्वतःच्या शहरांतली पोरं घरातून उचलली तर त्यांच्या आया रस्त्यावर येतात, आणि परक्या पोरांच्या आया तिथे पोचत नाहीत. आयजीच्या जिवावर बायजी उदार! कारखान्यातल्या परदेशी कामगारांना ओळीने उभं केलं आणि वर्द्या दिल्या.

"मी नही म्हनं, ताई. त्या म्हनतस, करारवर तुन्ही सही शे. हेमकांतभाऊनी जो कागद दिधा व्हता ना, तोच."

त्याला आता सात महिने झाले, नंतर फोन आला नाही. वकिलातीचं म्हणणं, शोध चालू आहे. नंदुरबारच्या ठाण्यात मी हेमकांतच्या नावाने तक्रार दिली. ड्युटी संपली की खाकी युनिफॉर्मवरच मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन बसते.

आणि आता तोच हेमकांत आमच्या घरात, हातात नारळ घेऊन!

"काकी, मी काय म्हणस," त्याने आवाज मऊ केला, "यंदा कानबाई नका बठाडा. सूतकमा रोट चालतस का? पोऱ्या गया. त्यानं करी टाका, त्याना आत्माले तरी शांती भेटी."

त्याचा डाव मला कळत होता. आम्हीच भाग्येशचं क्रियाकर्म उरकलं की तो नशिबाने गेला असं होणार. मग तक्रार कसली आणि चौकशी कसली? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"तुले कोनी सांगं तो गया?" मी ओरडले. "मयत दखाडी का कोनी? कागद उना का?"

हेमकांतने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो दोधूनानांकडे वळला. दोधूनाना आमच्या भाऊबंदांतले सगळ्यात थोरले. कानबाईचं सगळं त्यांना विचारून होतं. "नाना, तुम्हीच सांगा. मेलेल माणूसना नावनी मूठ टाकी तर देवी कोपस ना?"

नानांनी मान खाली घातली. "कोपस, भाऊ," ते हळूच म्हणाले. "जित्तानीच मूठ ऱ्हास. पन तो जित्ता शे का नही, हाई मी कसं सांगू? हाई त्यानी मायनी सांगो."

सगळे आईकडे बघायला लागले. बाबा खांबाला टेकून उभे होते. मला भीती वाटली. सात महिन्यांत आईने भाग्येशचं नाव घेतलं नव्हतं. आज तिने हात आखडता घेतला असता, तर माझा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत मेला असता, तोही आमच्याच घरात.

आईने गव्हाच्या डब्यात हात घातला.

"दोधूनाना," ती म्हणाली, आणि सव्वा मूठ सुपात पडली. मग बाबांची. मग चुलत्यांची, पोरासोरांची, पाळण्यातल्या तान्ह्याचीसुद्धा.

"भाग्येश."

आवाज जराही कापला नाही. तिने मूठ गच्च भरली, बोटांतून दाणे सांडले, वर पाव मूठ घातली. सूप माझ्या हातात जड झालं. मला रडू कोसळलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

आईने डब्याला झाकण लावलं.

"काकी," हेमकांत कसनुसा हसला, "मन्ही मूठ ऱ्हायनी."

"नही ऱ्हायनी," आई म्हणाली. "मी जित्तासन्याच मुठी टाक्यात."

हेमकांतने नानांकडे पाहिलं. ज्याची मूठ नाही त्याला रोट नाही, आणि ज्याला रोट नाही तो भाऊबंदांत नाही, हे त्याला सांगायची गरज नव्हती. नानांनी त्याच्या हातातला नारळ बघितला.

"तो नारळ ली जाय, भाऊ," ते म्हणाले. "आमना शे आमनापाशी."

तो चपला घालून गेला. मी सूप घेऊन जात्यापाशी बसले आणि दळायला घेतलं.