वास परत आला ती सकाळ

तापातून उठल्यापासून बाईंच्या नाकाने जो संप पुकारला, तो काही केल्या मिटेना. बाई शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या. वासाबरोबर चवही गेली. भाजी काय नि पुठ्ठा काय, सगळं सारखंच. त्याच सुमारास त्यांचे यजमान विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांनी कॉफी मनावर घेतली. कच्च्या बिया आणायच्या, कढईत स्वतः भाजायच्या, स्वतः दळायच्या, आणि कप बायकोच्या हाती देऊन तिच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं.

"छान झालीय," बाई म्हणायच्या. माणूस एवढा जीव ओतून करतोय. छान म्हणायला आपलं काय जातं? यजमान मात्र त्या 'छान'वर फुगत गेले. येईल त्याला धरून पाजू लागले.

त्या रविवारी यजमानांनी आपल्या धाकट्या बहिणीला कॉफीला बोलावलं होतं. ती बाहेर सोफ्यावर बसली होती आणि बाई आत तोंड पुसत होत्या. पुसता पुसता थबकल्या. टॉवेलला कुबट वास येत होता. इतका सुंदर कुबट वास त्यांनी जन्मात घेतला नव्हता. त्यांनी साबण हुंगला, टूथपेस्ट हुंगली, एक चप्पलही हुंगली, आणि तशाच स्वयंपाकघराकडे धावल्या. दारातच भपकारा आला.

"अहो, काय जळतंय?"

"काही नाही, बिया भाजतोय," यजमान म्हणाले आणि झारा हातातच राहिला. "तुला वास आला?"

बाईंनी ओट्यावरचा कप उचलून घोट घेतला आणि हसतच सुटल्या. "अहो, हे कोळशाचं पाणी आहे हो."

"मग रोज छान म्हणायचीस ते?"

"गरम असायची ना."

"वहिनी, सुटले मी," नणंद बाहेरून म्हणाली. "मागच्या खेपेला मी कुंडीत ओतली होती."

"म्हणून ते रोप गेलं होय," यजमान म्हणाले. त्यांनी रागवायचा प्रयत्न केला, पण बायकोचं नाक परत आलेलं, राग टिकेना.

मग नव्या बिया कढईत पडल्या. बाई वाकून हुंगत राहिल्या. "थांबा, अजून गवतासारखा येतोय. आता पाव भाजल्यासारखा." बिया तडतडल्या. "आता काढा, काढा लवकर."

ताटात पसरून तिघांनी वर्तमानपत्रांनी वारा घातला. दळून झाल्यावर यजमानांनी उकळी बसलेलं पाणी आधी थोडंसंच ओतलं. भुकटी फुगून वर आली, तशी नणंदेने वहिनीचा दंड धरला.

पहिल्या घोटापाठोपाठ तिघांनीही लगेच दुसरा घोट घेतला.

"ही मी केली?" यजमानांनी हळूच विचारलं.

"हात तुमचे, नाक माझं."

दुसरा कप झाला, तिसरा झाला. मग डोळे मिटून वास ओळखायचा खेळ निघाला. बाईंनी मिरी ओळखली, बुटाचं पॉलिश ओळखलं, छत्रीसुद्धा ओळखली. शेवटी यजमान स्वतःच पुढे झाले. बाईंनी त्यांच्या मानेशी नाक नेलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.

"ओळखा की वहिनी," असं म्हणत नणंद खिडकीकडे वळली आणि तिने आपल्या कपात उरलीसुरली कॉफी ओतून घेतली.