ऐनाचा पाट आणि नवसीचा बांध

मित्रांनो, तुमच्या घरचा पाट जेवायला बसण्यापुरता असतो. मीही एक जुना पाटच आहे, पण माझ्यावर कधी कुणी मांडी घालून बसलं नाही. माझ्यावरून यंत्रं लादलेले ट्रेलर गेले. चिखलात चाकं रुतू नयेत आणि खालची जमीन चेपू नये म्हणून जाड फळ्या जोडून केलेले मोठे पाट अंथरतात, त्यांतलाच मी एक. आज मी बोईसरजवळच्या एका वखारीमागे पडून आहे. अंगावर शेवाळ चढलंय, एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. तिचं काय ते ती करो. मला दुसरंच काही आतून कुरतडतं, ते सांगतो.

मी मूळचा मनोरकडच्या जंगलातला ऐन. एकोणीसशे साठनंतरच्या त्या वर्षांत तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. तिथे माल पोचवणाऱ्या एका ठेकेदारानं मला बनवून घेतलं. ऐन म्हणजे पाण्याला न घाबरणारं लाकूड. सुतारानं मला जोडताना दर दोन फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली आणि बोल्ट करकचून आवळले. “फट कशाला?” ठेकेदारानं विचारलं. सुतार म्हणाला, “खालच्या पान्याला वर यायला वाट नको? वाट नाय दिली तर ते पाटच उचलंल.” ठेकेदारानं मान हलवली आणि घरी जाईपर्यंत विसरूनही गेला.

पुढे घाई झाली तेव्हा त्यानं सावरीच्या लाकडाचेही पाट घेतले. ते गोरेपान, हलके, उचलायला सोपे. मजूर त्यांच्यावर खूश असत आणि आमच्या नावानं बोटं मोडत. एका पावसाळ्यात त्या गोऱ्या मंडळींचा भुगा झाला. मला तेव्हा हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू! मग सगळा भार आम्हा ऐनाच्या पाटांवर आला.

त्याच पावसाळ्यात रस्त्यावरची मोरी खचली. ती पुन्हा बांधून होईपर्यंत ट्रेलर खाजणातून वळवायचे ठरले. खाजण म्हणजे खाडीकाठची जमीन. बाहेर भरतीचं खारं पाणी, आत भाताचं शेत आणि दोहोंच्या मध्ये मातीचा बांध. बांध आहे तोवर भात आहे. आमची वाट बाहेरच्या ओल्या पट्ट्यावरून यायची, एका जागी बांध ओलांडायची आणि शेताच्या पडीक कडेनं पुन्हा रस्त्याला लागायची.

ते शेत भिका आणि नवसी या नवराबायकोचं होतं. भिका मुळातच अबोल. ठेकेदाराचा साहेब परवानगी मागायला आला तेव्हा नवसीच पुढे झाली. “गाड्या जाऊ द्या,” ती म्हणाली, “पन बांध फुटला तर आमी खावाचा काय?”

“बाई, म्हणून तर हे पाट आहेत,” साहेब म्हणाला. “तुमच्या बांधाचं ढेकूळसुद्धा हलणार नाही.”

शब्द साहेबानं दिला. पाळायचा मात्र आम्हाला होता.

आमच्यावर मुकादम होता दादू. तो किनाऱ्यावरचा मच्छीमार. त्याची होडी खडकावर आपटून फुटली, तेव्हापासून तो जमिनीवर काम करायला लागला. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. ट्रेलर येणार नसेल त्या दिवशी तो आम्हाला उचलायला लावायचा, गोड्या पाण्यानं धुवायचा आणि वाऱ्याला दगडांवर उभं करून ठेवायचा. सैल झालेले बोल्ट स्वतः आवळायचा. मजूर त्याला चिडवत, “दादू, पाटाला आता हळदपन लावा!” तो हसून पुन्हा कामाला लागायचा. साहेब इतर मुकादमांना आणून आम्हाला दाखवायचा, तेव्हा मी अगदी फुशारून जात असे.

पण दादूच्या हाताला एक खोड होती. होडीवाल्याला लाकडातली फट बघवत नाही. समुद्रात फट म्हणजे मरण. त्याच्या घरी बापानं आणि आजानं आयुष्यभर फटी बुजवल्या होत्या. आश्विनातली पौर्णिमा जवळ आली होती, आणि सगळ्यांत अवजड यंत्र यायचं होतं. दादूला वाटलं, आपल्या पाटांची नीट तयारी करावी. त्यानं कापूस पिळला, राळ आणि तेल कढवलं आणि आमची प्रत्येक फट छिन्नीनं ठोकून ठोकून भरली.

नवसी गवताचा भारा घेऊन चालली होती. ती थांबली. “मुकादम, यात का भरतंस? ही का होडी हाय?”

“लाकडाची फट बघली का माझा हात ऱ्हात नाय, बाय,” दादू म्हणाला. “आता बघ, थेंब जानार नाय.”

खरंच थेंब जाणार नव्हता. मित्रांनो, मी किती तडफडलो म्हणून सांगू! त्याचा हात इतका मायेचा होता की मला रागही धड येईना.

आम्हाला पुन्हा वाटेवर अंथरलं. रात्री उधाणाची भरती आली. एरवी पाणी माझ्या फटींतून वर यायचं आणि ओसरताना तसंच खाली जायचं. त्या रात्री त्याला वाट मिळाली नाही. ते खालून रेटत राहिलं आणि आम्ही सगळे जागचे उचललो गेलो. पाणी ओसरलं तेव्हा मी बांधाच्या खांद्यावर तिरका टेकलो होतो. माझ्या एका टोकाखाली नुसती पोकळी होती. वरून पाहणाऱ्याला मात्र सगळं ठाकठीक दिसत होतं.

सकाळी ट्रेलर आला. पुढचं चाक माझ्या पोकळ टोकावर चढलं. मी कलंडलो आणि माझं दुसरं टोक कुदळीसारखं बांधात घुसलं. बांधाचा मोठा तुकडा ढासळला. ट्रेलर तिथेच कलला.

दुपारची भरती यायला अजून अवकाश होता. बरीच माणसं हाताशी असती तर भगदाड बुजलं असतं. साहेब ओरडला, “सगळे ट्रेलरला दोर लावा! यंत्र पडता कामा नये!” आणि सगळे तिकडे धावले. भगदाडापाशी भिका आणि नवसी, दोघंच राहिली. दादूनं एकदा यंत्राकडे पाहिलं, हातातला दोर टाकला आणि तो बांधाकडे पळाला. मागून साहेब हाका मारत राहिला.

तिघं हातांनी चिखल ओढत होती. मी चाकाखालून निसटलो होतो; दादूनं त्या दोघांच्या मदतीनं मला आणि दुसऱ्या एका पाटाला भगदाडात उभं केलं. पण तळाची माती भुसभुशीत झाली होती. पाणी आधी खालून झिरपलं, मग बाजूनं आलं, मग वाटच फुटली. भाताच्या लोंब्यांत दाणा भरत होता. खारं पाणी त्यांच्या मुळांत जाऊन उभं राहिलं. पाणी शेताच्या पार टोकाला पोचलं तरी भिका भगदाडात चिखल टाकतच होता. शेवटी नवसीनं त्याचा हात धरला.

यंत्र वाचलं. तारापूरला ते वेळेवर पोचलं म्हणून कौतुकही झालं म्हणतात.

दादू दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही. तो आला तो बांधावर. भिकाबरोबर त्यानं भगदाड बुजवलं. मग माझ्याजवळ बसून छिन्नीनं सगळ्या फटी मोकळ्या केल्या. तो रडत होता. नवसी जवळ येऊन उभी राहिली. “तुझ्या मनात वायट नव्हता, मुकादम,” ती म्हणाली. “पन माझा शेत गेला.”

तो पावसाळा गेला, पुढचा जवळ आला. मोरी बांधून झाल्यावर आम्हाला बांधालगत फेकून दिलं होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे पालापाचोळा, भाजायच्या आधी नवसी शेतात गेली. चिमूटभर माती तिनं जिभेवर ठेवली आणि थुंकली. बांध बघायला दादू आला होता. तिनं चिमूटभर माती त्याच्या तळहातावर ठेवली. “चाख,” ती म्हणाली. त्यानं चाखली.

“खारट हाय ना? मंग यंदा पन नाय,” ती म्हणाली. पावसानंतर ती दोघं झोपडीचं दार बांधून वीटभट्टीवर गेली. माझ्यासमोर तरी ती परत आली नाहीत, आणि पुढे लवकरच मला गाडीत घालून इथे आणलं.

मित्रांनो, पाट घ्याल तर ऐनासारख्या टणक लाकडाचा घ्या. तो धुवा, वाळवा, त्याचे बोल्ट बघा. दादूनं हे सगळं केलं. पण माझ्यात फटी कशासाठी ठेवल्या, एवढंच त्यानं कुणाला विचारलं नाही. ज्याची काळजी घ्यायची त्याला काय हवं, हे आधी समजून घ्या हो. नाहीतर तुमच्या मायेची किंमत भलतंच कुणीतरी मोजतं, आणि त्याला तुम्ही परत काही देऊ शकत नाही.