बेचाळीस दगड

"डॉक्टरांनी आराम सांगितलाय, आणि तुम्ही आल्या आल्या त्या खोक्यापुढे!" चपला काढता काढताच बायको ओरडली.

"दोन मिनिटं गं. तिकडे सगळे काळजीत असतील."

"आम्ही दीड महिना बाकड्यावर काढला, ते नाही दिसलं," ती म्हणाली, पण खुर्चीवर उशी तिनेच ठेवली.

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. सोळा वर्षं रोज दुपारी चारला साचे वाळत ठेवून कॉम्प्युटरवरच्या या ऑनलाइन खेळात शिरायचा. कधीकाळी तिथे मुंगी शिरायलाही जागा नव्हती. आता खेळातल्या नदीवरच्या पुलावर सहाच जण जमत. राक्षस मारणं केव्हाच सुटलं होतं, उरल्या होत्या गप्पा. त्यांची एक रीत होती. जो आला नाही त्याच्या नावाने रोज एक दगड कठड्यावर ठेवायचा, आणि तो परतला की दगड नदीत ढकलत त्याची यथेच्छ टिंगल करायची. ऑपरेशनला जातानाही याच्या डोक्यात तेच होतं. बेचाळीस दिवस, बेचाळीस दगड. कोणीतरी आपली वाट पाहतंय, या विचारावर त्याने तग धरला होता. बायकोला हे सांगायची अर्थातच सोय नव्हती.

कठडा रिकामा होता.

"माझे दगड कुठायत?" त्याने टाइप केलं.

"कसले दगड रे कवळ्या?" सिस्टरने लिहिलं. ती कुठल्याशा इस्पितळात नर्स होती. दोघांनी एकमेकांना कधीच पाहिलं नव्हतं. "रोज तर येतोयस. काल मलाच चिडवत होतास."

जुन्या गप्पा त्याने भराभर चाळल्या. बेचाळीसही दिवस तो तिथे हजर होता. त्याचेच विनोद, त्याचंच ते "अगं बाई, ऐक तरी", शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच्याच. ज्या दुपारी तो भुलीत होता, त्या दुपारी तर भलताच रंगात आला होता.

मग कंपनीची सूचना सापडली. पूल ओस दिसला की उरलेसुरले खेळाडूही जातात, म्हणून तोड काढली होती: खेळाडू आला नाही, किंवा पाच मिनिटं त्याचा हात हलला नाही, की त्याच्या जुन्या बोलण्यावरून त्याच्या नावाने यंत्राने आपोआप बोलत राहायचं. दोन वर्षांपूर्वी न वाचताच त्याने 'मान्य' दाबलं होतं. तेव्हापासून कोणाच्याच नावाने दगड पडला नव्हता, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याने पुलावरच्या पाच जणांकडे पाहिलं. यातलं खरं कोण होतं?

"सिस्टर, मी इस्पितळात होतो. हृदयाचं ऑपरेशन झालं. दीड महिना इथे बोलणारा मी नव्हतो."

चौघांनी एकाच क्षणी लिहिलं, "काळजी घे रे." सिस्टरची मात्र एकेक ओळ थांबत थांबत आली.

"चेष्टा करू नकोस."

"गेल्या महिन्यात आमचे हे गेले, त्या दिवशी घरात कोणी नव्हतं. मी इथे येऊन रडले."

"चार तास बसला होतास माझ्यापाशी. मग तो कोण होता?"

भराभर चाळताना ते सुटलं होतं; तिचा नवरा गेल्याचं त्याला आत्ता कळत होतं. खरं सांगितलं तर त्या चार तासांचाही आधार तिच्याकडून काढून घेतल्यासारखं होणार होतं, आणि खोटं बोलायला हात धजेना. बायकोने गोळी आणि पाणी आणून ठेवलं. पाच मिनिटं तो कीबोर्डकडे नुसता पाहत राहिला.

पडद्यावर त्याच्या नावापुढे अक्षरं उमटली.

"मीच होतो गं. दुसरं कोण असणार?"

"पुन्हा असं घाबरवू नकोस," सिस्टरने लिहिलं.

त्याने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि तसाच बसून राहिला.