उरेल ते

लेकीने वाटी तांदळात बुडवली, वरचा ढीग सुरीच्या पाठीने सपाट केला आणि तांदूळ पातेल्यात ओतले. बाबांची अर्धी वाटी, दादाची दीड, तिची स्वतःची एक. मग हात थांबवून तिने विचारलं, "आई, तू किती खातेस?"

"माझं काय, उरेल ते."

सगळे हसले. लेकीने आईसाठी अंदाजाने एक वाटी धरली.

बाबा पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले पंप मेकॅनिक. त्यांच्या रक्तातली साखर वाढली तेव्हापासून घरातलं खाणं लेकीच्या ताब्यात गेलं होतं. ती तपासणी प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर लोकांचं रक्त मोजतेस, आता आमचा भात मोज, असं ते चिडवायचे, पण ऐकायचे. तिचा नियम एकच होता : पातेल्यात काही उरता कामा नये. उरलेलं सगळं येता-जाता बाबांच्या पोटात जातं, हे तिने पाहिलं होतं. सगळं आवरल्यावर पातेलं रिकामं दिसलं, की हिशोब जमला असं तिला वाटायचं.

वाढायचं काम मात्र आईकडेच राहिलं. दादा माल पोचवणाऱ्या गाडीवर होता. तो भुकेला यायचा आणि दीड वाटी संपवून ताट पुढे करायचा. आई त्याला वाढायची. नाही म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं.

साखर उतरली. डॉक्टरांनी लेकीची पाठ थोपटली. बाबांना त्यांनी सावकाश, चावून खायला सांगितलं होतं. हे त्यांना नवीन होतं. नोकरीत असताना कुठला ना कुठला पंप बंद पडलेला असायचा; चार घास पोटात ढकलून ते सायकलवर बसायचे. बायको जेवायला बसायच्या आधीच ते घराबाहेर पडलेले असत. आता तेच टेबलावरून सर्वांत शेवटी उठू लागले.

एका दुपारी दादा जेवून परत गाडीवर गेला, लेक आत जाऊन आडवी झाली, आणि बाबा अजून चावतच होते. बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने चमच्याने पातेल्याचा तळ खरवडला, त्यात गरम पाणी ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि पातेलंच तोंडाला लावलं. बोटातून निसटू नये म्हणून तिच्या अंगठीला दोरा गुंडाळलेला होता. तो त्यांना आज दिसला.

"हे काय जेवण झालं?" त्यांनी विचारलं.

ती दचकली, पण लपवलं नाही तिने. पोरगा उन्हातून येतो, त्याला पुरत नाही, म्हणाली. पूर्वी अंदाजाने रांधायची तेव्हा थोडं जास्तच पडायचं, त्यात आपलं भागायचं. आता मोजून असतं.

त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. पाण्याविना कोरडा चालणारा पंप सुरुवातीला हलका वाजतो. नवख्याला वाटतं, मस्त चाललाय. जळाल्याचा वास येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. हे ते कामावर नव्या माणसांना कितीदा सांगत आले होते.

लेक उठल्यावर त्यांनी तिला सांगितलं. मागच्या महिन्यात आईला चक्कर आली, तेव्हा तिने स्वतः आईचं रक्त तपासलं होतं, गोळ्याही आणल्या होत्या. काय जेवलीस, एवढं विचारायचं राहिलं होतं.

"आई, अगं सांगायचं नाही का?"

"तुझे बाबा बरे होत होते. मध्येच कुठे खोडा घालू?"

संध्याकाळी लेकीने तांदूळ घेताना सुरी उचलली नाही. जेवणाच्या वेळी बाबांनी चौथ्या खुर्चीवरचे घडी घालायचे कपडे उचलून पलंगावर टाकले आणि बायकोला बसवलं. दादाने ताट पुढे केलं तर त्याला म्हणाले, "थांब जरा. आधी तुझी आई."

भाताचं पातेलं घेऊन ते तिच्याशेजारी उभे राहिले. डाव त्यांच्या हातात नीट बसत नव्हता.

"किती वाढू?"

ती ताटाकडे बघत राहिली. तिला खरंच आठवून पाहावं लागत होतं. पोरंही थांबली होती.

"घाला," ती शेवटी म्हणाली. "सांगते मी, बस म्हणून."

त्यांनी एक डाव वाढला. मग दुसरा. सवयीने तिचा हात ताटावर आडवा आला, क्षणभर तिथेच थांबला, आणि मग तिने तो उचलून मांडीवर ठेवला.