दोन वर्षं सर्दी मला घाबरली

मित्रांनो, तुमचा विश्वास बसणार नाही, पण दोन वर्षं परळमधली सगळी सर्दी मी एकट्याने पळवून लावली होती. तेसुद्धा जागचा न हलता!

मी एक जुना नेब्युलायझर आहे. माझ्या वाटीत औषध ओतून बटण दाबलं, की मास्कमधून गार धुकं निघतं आणि कोंदलेली छाती मोकळी होते. चाळीतले लोक मला वाफेचं मशीन म्हणतात. बुद्धविहारातल्या कपाटावर माझा मुक्काम. विहाराची किल्ली मंजुळामावशींकडे. आज मात्र त्यांनीच मला भंगाराच्या गोणीत घातलंय. काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे मशीन कुणाकुणाला लावता?" बस्स, तेवढ्यावरून!

अहो, एकेकाळी पावसाळ्यात मला क्षणाची उसंत नसे.

"मावशी, मशीन कुणाकडे गेलं?"

"चंदूच्या लेकीकडे. मग दिनेशच्या आईकडे. मग तू. मध्ये घुसू नकोस!"

एकदा तर मी असा जोर लावला, की समोरच्या बंद गिरणीची चिमणी खोकून मोकळी झाली.

मग करोना आला. सगळ्यांनी तोंडं बांधली, बालवाडीला टाळं लागलं, दारोदारी साबण आला. मला कपाटावर ठेवून वर चादर टाकली. मी चादरीच्या भोकातून जिन्यावर डोळे वटारून बसलो. सर्दी पहिल्या पायरीवर यायची, मला बघायची आणि थेट शिवडीच्या खाडीत उडी टाकायची! करोनाची धास्ती होतीच, पण दरसालचं नाक वाहणं, तो पावसाळी ताप? औषधालासुद्धा नाही.

पुढे मास्क उतरले, बालवाडी उघडली. मंजुळामावशींची नात प्राची टाळेबंदीतच जन्मलेली. तिला सर्दी ठाऊकच नव्हती. पहिल्याच खोकल्याने पोर चार दिवस इस्पितळात राहिली. चाळीतली सगळीच पोरं एकदम खोकत होती. मला पुन्हा घरोघर फिरवलं. तेव्हापासून प्राची दर पावसाळ्यात खोकते, आजही खोकतेय. आणि दोष माझा?

मी नाही जाणार भंगारात! सर्दीला जरब बसवणारा माझ्याशिवाय आहे कोण इथे? मित्रांनो, जुन्या सेवकाला असं टाकू नका. मला फक्त कपाटावर बसवा, एका नजरेत सर्दीला...

"गप रे!" मंजुळामावशींनी गोणी उघडली. "म्हणे सर्दी पळवली! तोंडं आम्ही बांधली, पोरं आम्ही घरात कोंडली, हात धुऊन धुऊन कातडी आमची सोलली, म्हणून ती आली नाही. तू कसली पळवतोस? हा एकच मास्क चाळीभरच्या नाकांना लावून तूच ती घरोघर पोचवत होतास! आता ज्याचं नाक त्याचा मास्क. कबूल असेल तर ये बाहेर."