मिनिटाला सहा सेकंद मागे

मी एक स्टॉपवॉच. किती वाजले ते मला विचारू नका. ते माझं काम नव्हे. इथून तिथवर जायला किती वेळ लागला, एवढंच मी सांगतो. निकेलचा गोल देह, डोक्यावर बटण, पोटात एक लांब काटा. बटण दाबलं की काटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो.

माझी पहिली वर्षं सोलापुरातल्या एका शाळेच्या मैदानावर गेली. मुलं धावत आणि ड्रिलचे मास्तर मला दाबत. १९७३ साली शाळेने नवं घड्याळ घेतलं आणि मी पोलिसांच्या वाहतूक शाखेत आलो. तिथे हवालदार हरिबांच्या खिशात माझी सोय झाली.

आमची जागा विजापूर रस्त्यावर, शहर सुरू होतं तिथे. पुढे मुलींची शाळा होती, म्हणून वेगाची मर्यादा ताशी चाळीस किलोमीटर. रस्त्यावर दोन पांढरे पट्टे, मध्ये दोनशे मीटर अंतर. गाडी पहिल्या पट्ट्यावर आली की तिथला शिपाई भीमाशंकर लाल निशाण खाली करी आणि हरिबा मला सुरू करत. गाडी त्यांच्यासमोरच्या पट्ट्यावर आली की थांबवत. अठरा सेकंद लागले तर वेग बरोबर चाळीस. त्याहून कमी लागले तर गाडी मर्यादेबाहेर.

हरिबांचा मात्र स्वतःचा एक नियम होता. सतरा किंवा सोळा सेकंदांवर ते खटला भरत नसत. ड्रायव्हरला खाली उतरवत आणि म्हणत, "त्या पट्ट्यापतुर चालत जा आन् चालत ये. पोरींना शाळंला जायला किती येळ लागतो, कळू दे." पंधरावर मात्र ते कुणाचं ऐकत नसत. एकदा एका कारखानदाराच्या मुलाने मोटारीत बसूनच वडिलांचं नाव सांगितलं. माझा काटा अकरावर. "बरं झालं, कागदावर वडलांचं नाव बी लागतंयच," म्हणत हरिबांनी वही उघडली.

"दादा, दोन सेकंदं कशापायी सोडता?" भीमाशंकरने एकदा विचारलं.

"तुझं निशाण आन् माझा अंगठा, मशीन हाय व्हय?"

१९७५ च्या एप्रिलमध्ये हरिबांच्या घामेजल्या हातातून मी डांबरावर पडलो. त्यांनी मला कानाशी धरलं, टिकटिक ऐकली आणि म्हणाले, "चालतंय की." चालत होतो, पण हळू. खरं मिनिट संपे तेव्हा माझा काटा चोपन्नवरच असे. मी हळू चालल्यामुळे सेकंद कमी दिसत, आणि सेकंद कमी दिसल्यामुळे गाड्या होत्या त्याहून वेगात वाटत. मला हे कळत होतं. सांगता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी फौजदार कमलाकर रणदिवे आले. हवालदार ओळखीच्यांना सोडतो, अशी एक निनावी तक्रार त्यांच्या टेबलावर पडली होती. एका सोमवारी ते स्वतः रस्त्यावर येऊन उभे राहिले. "आजपासून अठराच्या आत एक सेकंद आला तरी खटला. सूटबीट काही नाही."

दहा वाजेपर्यंत तीन खटले झाले. मग मंद्रूपहून कांदा घेऊन जोतीरामचा ट्रक आला. काटा सतरावर थांबला.

"सायेब, मीटर अडतीसच्या वर गेला न्हाय," जोतीराम उतरत म्हणाला.

"सगळे हेच सांगतात."

"सांगत असतील. पर माझ्या लायसनवर दोन शेरे हायती. तिसरा पडला की लायसन जातंय बगा. मला ट्रकबिगर दुसरं काय येत न्हाय."

"मग हळू चालवायचं होतं."

"त्येच तर चालवलं की!"

फौजदारांनी कागद लिहायला घेतला. हरिबा दोन पावलं पुढे आले. तक्रार त्यांच्यावरच होती, तरी बोलले. "साहेब, एक इनंती. आपली जीप अडतीसनं आणायला सांगा. बटण तुमीच दाबा."

फौजदार चिडले. पण कागद बाजूला ठेवला आणि मला हातात घेतलं. जीपचा ड्रायव्हर एकनाथ गाडी मागे घेऊन गेला. निशाण खाली आलं, जीप आली. काटा सतरावर.

"एकनाथ, किती होता?"

"अडतीस, साहेब."

"नीट बघितलंस?"

"नोकरीची शपथ, साहेब."

पुन्हा एकदा जीप आणवली. पुन्हा सतरा.

"मंग सायेब, जीपवर बी खटला भरा की," जोतीराम म्हणाला. भीमाशंकर पाठ फिरवून हसला.

फौजदारांनी मनगटावरचं घड्याळ माझ्याशेजारी धरलं. एक मिनिट गेलं. मी चोपन्न दाखवले. दुसऱ्यांदाही चोपन्न. त्यांनी जोतीरामचा अर्धा लिहिलेला कागद फाडला. मग सकाळचे तिन्ही कागदही काढून फाडले आणि त्या तिघांना निरोप धाडायला सांगितलं.

वहीच्या मागच्या पानावर त्यांनी आकडेमोड केली. खरे अठरा सेकंद म्हणजे माझे सोळा आणि थोडेसे. त्यांनी हरिबांकडे पाहिलं.

"हवालदार, हे घड्याळ बिघडल्यापासून तुम्ही सोळापर्यंत सोडत होता ती सूट नव्हतीच. तो कायदाच होता."

हरिबा खूश होतील असं मला वाटलं. त्यांचा चेहरा उतरला. "आरं देवा! मंग वरीसभर त्या लोकास्नी मी उगंच उन्हातनं चालवलं की!"

जोतीराम मोठ्याने हसला आणि ट्रक घेऊन मार्केट यार्डाकडे गेला. हळूच गेला.

पंधरवड्याने नवं स्टॉपवॉच आलं. दर सोमवारी ते दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहायचं आणि दोन सेकंदांची मुभा ठेवायची, असा फौजदारांनी लेखी हुकूम काढला. मी आता ठाण्यातल्या टेबलाच्या खणात असतो. अंगावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी आहे. खण थंड आहे, शेजारी शाईची दौत आहे, माझी काही तक्रार नाही.

फक्त नवं घड्याळ हाती घेणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे: समोरचा माणूस काही सांगत असेल तर त्याचं पुरतं ऐकून घ्या. त्या सोमवारी जोतीराम खरं बोलत होता, आणि विश्वास सगळ्यांचा माझ्यावर होता.